रिकामी रिंग: मेमरी न मिळाल्यावर मुक्या झालेल्या एका ड्रायव्हरचे प्रकरण

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आमच्या गटाने तयार केलेली तपासणी केंद्रे बसवलेली आहेत. सरकत्या पट्ट्यावरून येणाऱ्या प्रत्येक भागाची छायाचित्रे कॅमेरा घेतो, ती नेटवर्कवरून केंद्रातल्या छोट्या बोर्डाकडे येतात आणि भाग पुढे सोडायचा की बाजूला काढायचा हे बोर्डावरचा प्रोग्रॅम ठरवतो. गणपती विसर्जनापासून दिवाळीपर्यंतच्या काळात यांपैकी एक केंद्र चार वेळा मुके झाले. ‘बंद पडले’ असे मी लिहीत नाही, कारण बोर्ड चालू होता, पडद्यावरचे घड्याळ पुढे सरकत होते आणि नेटवर्कच्या सॉकेटवरचा हिरवा दिवाही लागलेला होता; फक्त छायाचित्रे येणे थांबले होते.

रात्रपाळीच्या पर्यवेक्षकांचा पहिला फोन पहाटे तीनच्या सुमारास आला. “साहेब, मशीन चालू आहे, दिवे हिरवे आहेत, पण फोटो येत नाहीत. बंद करून चालू करू का?” मी त्यांना थांबायला सांगितले, पण कोथरूडहून नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत चाकणला पोहोचायला रात्रीच्या मोकळ्या रस्त्यानेही तास जातो आणि तोवर उत्पादन थांबवून ठेवणे त्यांच्या हातात नव्हते. आम्ही पोहोचलो तेव्हा बोर्ड पुन्हा सुरू केलेला होता आणि सारे सुरळीत चालले होते. दुसऱ्या वेळीही हेच घडले. दरम्यान आम्ही केबल बदलली, स्विचचे पोर्ट बदलले, पेटीतील तापमान मोजले. त्यातून काही निष्पन्न झाले नाही.

हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, यात मेमरी कमी पडली हा मूळ दोष नव्हताच. मेमरी दोन-तीन मिनिटांसाठी कमी पडली आणि परतही आली. ती परत आल्यावर पुन्हा मागायला कोण जाणार, हा प्रश्न ड्रायव्हर, म्हणजे बोर्डावरची नेटवर्क चिप चालवणारा प्रोग्रॅम, लिहिणाऱ्याने स्वतःला विचारला नव्हता, आणि आम्ही तो ड्रायव्हर स्वीकारताना आम्हीही विचारला नाही.

यंत्रणा

बोर्ड एआरएम प्रोसेसरचा, ५१२ एमबी मेमरीचा. त्यावर लिनक्सची ५.१० ही, डिसेंबर २०२० मध्ये आलेली आणि दीर्घकाळ देखभाल होणारी कर्नल-आवृत्ती; कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. नेटवर्क चिपचा ड्रायव्हर मात्र मूळ कर्नलमधला नव्हता. चिप पुरवणाऱ्यांनी तो वेगळा दिला होता. कॅमेरा ९००० बाइटची मोठी पॅकेट पाठवतो. नेहमीची १५०० बाइटची पॅकेट वापरली असती तर तेवढ्याच छायाचित्रासाठी सहापट पॅकेट हाताळावी लागली असती आणि या प्रोसेसरला तो भार पेलवत नव्हता.

पुढचे सगळे या ९००० च्या आकड्यावर अवलंबून आहे. कर्नल मेमरी ४ केबीच्या पेजांमध्ये सांभाळते आणि सलग पेज हवी असतील तर ती दोनाच्या घातांतच देते: ऑर्डर ० म्हणजे एक पेज, ऑर्डर १ म्हणजे दोन, ऑर्डर २ म्हणजे चार. ९००० बाइट दोन पेजांत, म्हणजे ८१९२ बाइटमध्ये, मावत नाहीत. म्हणून या ड्रायव्हरला प्रत्येक पॅकेटसाठी एकमेकांना लागून असलेली चार पेज, म्हणजे १६ केबीचा सलग तुकडा लागत होता. येणारी पॅकेट ठेवण्यासाठी त्याने २५६ जागांची रिंग, म्हणजे शेवटानंतर पुन्हा सुरुवातीला येणारी रांग, केली होती आणि प्रत्येक जागेत असा एक बफर, म्हणजे एकूण ४ एमबी. आकडा लहान आहे. पण मेमरी किती शिल्लक आहे आणि ती किती सलग शिल्लक आहे हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत, आणि आम्ही कित्येक दिवस पहिल्याच प्रश्नाचे उत्तर पाहत बसलो होतो.

पॅकेट आले की चिप इंटरप्ट, म्हणजे ‘इकडे लक्ष द्या’ अशी खूण, देते, कर्नल ड्रायव्हरचे पोल फंक्शन बोलावते, ते रिंगमधून भरलेले बफर उचलून वर नेटवर्क थराकडे सोपवते आणि रिकाम्या झालेल्या जागी नवे बफर ठेवते. हे काम सॉफ्ट इंटरप्टच्या संदर्भात चालते, जिथे झोपण्याची, म्हणजे मेमरी मोकळी होईपर्यंत वाट पाहत थांबण्याची मुभा नसते. त्यामुळे तिथली मागणी जीएफपी अ‍ॅटॉमिक या प्रकारची असते: असेल तर आत्ता द्या, नसेल तर तसे सांगा. अशा मागणीला राखीव साठ्यातला काही भाग वापरण्याची सवलत मिळते. पण कर्नल तिच्यासाठी जागेवर पेज सरकवून सलग तुकडा तयार करून देत नाही.

घाईत केलेला उपाय

दुसऱ्या घटनेनंतर आम्ही जे केले ते या प्रकरणातील आमची स्वतःची चूक आहे. दर मिनिटाला कॅमेऱ्याला पिंग करायचे, म्हणजे उत्तर मागणारे छोटे पॅकेट पाठवायचे, आणि तीनदा उत्तर आले नाही तर नेटवर्क इंटरफेस खाली घेऊन पुन्हा वर आणायचा, अशी एक छोटी स्क्रिप्ट आम्ही केंद्रावर ठेवली. बोर्ड बंद-चालू केल्याने काम होते, तर निदान तेवढे आपोआप व्हावे, हा विचार. तिसऱ्या वेळी केंद्र मुके झाले, स्क्रिप्टने इंटरफेस खाली घेतला, वर आणायला गेली आणि कर्नल कोसळली. लॉगमध्ये ड्रायव्हरच्या फंक्शनचे नाव आणि नल पॉइंटर, म्हणजे कुठेच न नेणारा रिकामा पत्ता, वापरल्याची नोंद होती.

या नोंदीने आमची दिशाभूल केली. मुके होणे आणि कोसळणे हे दोन वेगळे दोष आहेत हे लक्षात न आल्याने आम्ही मेमरीची चिपच खराब असावी असे धरून दोन दिवस तिच्या चाचण्या करत राहिलो. प्रत्यक्षात घडले होते ते असे. इंटरफेस वर आणताना रिंगच्या २५६ जागा भरायच्या असतात. मध्येच एका जागेसाठी १६ केबीचा तुकडा मिळाला नाही आणि भरणारे फंक्शन उणे १२, म्हणजे मेमरी नाही, असे सांगून परतले. इथपर्यंत योग्यच होते. पण ओपन फंक्शनमध्ये सगळ्या चुकांसाठी एकच लेबल, म्हणजे चूक झाल्यावर उडी मारून जायची जागा, होते आणि तिथला कोड कुठल्या जागा भरल्या होत्या हे न पाहता सगळ्या २५६ जागांची पेज परत करत होता. केफ्री या मेमरी परत करणाऱ्या फंक्शनला नल दिले तर ते काहीही न करता परत येते. पेज परत करणाऱ्या फंक्शनला मात्र नल चालत नाही. पहिल्या न भरलेल्या जागेपाशी कर्नल कोसळली.

कर्नलच्या कोडलेखन-मार्गदर्शिकेत नेमक्या याच चुकीबद्दल इशारा आहे. जेवढे मिळवले तेवढेच उलट क्रमाने परत करायचे आणि त्यासाठी प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र लेबल ठेवायचे, अशी तिथली शिफारस आहे. ड्रायव्हर स्वीकारताना आम्ही त्याचा वेग मोजला, पॅकेट गळतात का ते पाहिले, तापमान वाढवून चालवला. पण चुकीच्या वाटांचा कोड एकदाही सलग वाचला नाही. तो तासाभरात वाचून झाला असता.

चौथी रात्र

चौथ्या वेळेसाठी आम्ही तयारी करून ठेवली होती. स्क्रिप्ट काढून टाकली, बोर्डाच्या सिरियल पोर्टला एक जुना लॅपटॉप जोडून ठेवला, आणि कर्नलची स्थिती दाखवणाऱ्या प्रॉक या फोल्डरमधील बडीइन्फो ही फाइल दर दहा सेकंदांनी त्या लॅपटॉपवर नोंदवली जाईल अशी व्यवस्था केली. या फाइलमध्ये प्रत्येक ऑर्डरचे किती तुकडे मोकळे आहेत ते दिसते. शिवाय आमच्या गटातील एक तरुण अभियंती त्या आठवड्यात रात्रपाळीला कारखान्यातच थांबली.

केंद्र मुके झाले तेव्हा गुणवत्ता विभागाचे प्रमुख तिथे होते. “मॅडम, वीस मिनिटं देतो, तोवर हा भाग हाताने तपासू. त्यानंतर मला लाइन हवी,” असे ते म्हणाले, आणि त्यांनी दिलेली ही वीस मिनिटे संपूर्ण तपासात सर्वांत मोलाची ठरली. तिने प्रत्येक आकडा दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचून वहीत लिहिला. पाठवलेल्या पॅकेटांचा आकडा वाढत होता: बोर्ड कॅमेऱ्याचा पत्ता विचारत होता. आलेल्या पॅकेटांचा आकडा दोन्ही वेळा तोच. इंटरप्टच्या यादीतील त्या चिपच्या रिसीव्ह ओळीचा आकडाही तोच. चिपच्या स्वतःच्या नोंदींपैकी ‘बफर नसल्याने टाकलेली पॅकेट’ हा आकडा मात्र वेगाने चढत होता. आणि फ्री कमांड सांगत होती की २०० एमबीहून अधिक मेमरी उपलब्ध आहे.

या पाच नोंदी एकत्र ठेवल्या की चित्र स्पष्ट होते. पॅकेट चिपपर्यंत येत आहेत. चिपकडे ती ठेवायला एकही बफर नाही, म्हणून ती टाकून देत आहे. पॅकेट कुठे ठेवलेच नाही म्हणून रिसीव्ह इंटरप्ट येत नाही. इंटरप्ट नाही म्हणून पोल फंक्शन पॅकेट उचलत नाही. आणि रिंगमध्ये बफर भरण्याचे काम तर त्या उचलण्यानंतरच होते. विहिरीत पाणी भरपूर आहे, पण पोहरा आतच पडला आहे, अशी ती अवस्था होती.

लॅपटॉपवरच्या नोंदींनी उरलेला भाग पुरा केला. रात्री अडीचला नापास भागांची छायाचित्रे आकुंचित करून सर्व्हरकडे पाठवण्याचे काम सुरू होते. ते चालू असताना मेमरी फाइलींच्या कॅशने भरते. रात्री दोन चाळीसच्या सुमाराची एक ओळ अशी होती: ऑर्डर ० चे २७१० तुकडे, ऑर्डर १ चे ४६६, आणि ऑर्डर २ पासून ऑर्डर १० पर्यंत सगळीकडे शून्य. म्हणजे १४ एमबीहून अधिक मेमरी मोकळी होती, पण १६ केबीचा एकही सलग तुकडा नव्हता. दोन-तीन मिनिटांनी कर्नलच्या पार्श्वभूमीतल्या कामांनी पेज सरकवून पुन्हा मोठे तुकडे तयार केले होते. फोन आला, आम्ही आकडे पाहिले, तोवर सगळे पूर्ववत झालेले असे. म्हणूनच आधी काही सापडले नव्हते.

तरीही एक कोडे उरले. ही छायाचित्रे पाठवण्याची प्रक्रिया रोज रात्री चालते, तर केंद्र आठ-दहा दिवसांनीच का मुके व्हावे? उत्तर ड्रायव्हरच्या बफर भरणाऱ्या फंक्शनमध्ये होते. पोलच्या या फेरीत जितकी पॅकेट उचलली तितक्याच जागा भरायच्या, आणि मध्येच मागणी नाकारली गेली तर तिथून परत यायचे, असा तो कोड होता. किती जागा भरायच्या राहिल्या याची नोंद कुठेच ठेवली जात नव्हती. पुढच्या फेरीत पुन्हा त्या फेरीपुरत्याच जागा भरल्या जात. आदल्या रात्रीची तूट कधीही भरून निघत नसे. २५६ जागांची रिंग रोज रात्री थोडी थोडी आटत होती. शंभर बफर असोत की तीस, छायाचित्रे येतच राहिली, म्हणून कोणाला काही जाणवले नाही. शेवटचा बफर गेला त्या क्षणी केंद्र मुके झाले. पूर्वी साप्ताहिक सुट्टीला वीज बंद होई आणि बोर्ड आपोआप नव्याने सुरू होई, त्यामुळे रिंग दर आठवड्याला पुन्हा पूर्ण भरत असे. सणाच्या मागणीमुळे सुट्ट्या रद्द झाल्या आणि झाकलेला दोष उघडा पडला.

लॉगमध्ये या नकारांची एकही ओळ नव्हती, याचेही कारण त्याच फंक्शनमध्ये मिळाले. मागणी नाकारली गेली की कर्नल ‘पेज अलोकेशन फेल्युअर’ अशी नोंद ऑर्डरच्या आकड्यासह करते. ड्रायव्हरच्या लेखकाने नोवॉर्न हा फ्लॅग लावून ती बंद केली होती. ज्या ड्रायव्हरमध्ये नकार नीट पचवलेला असतो तिथे हा फ्लॅग योग्य आहे, नाहीतर लॉग भरून जातो. मात्र त्यासोबत स्वतःचा एक मोजणी-आकडा तरी वाढवायला हवा. इथे तोही नव्हता. प्रयोगशाळेतल्या बोर्डावर आम्ही फ्लॅग काढला, नेटवर्कवर मोठी पॅकेट सोडून शेजारी तेच छायाचित्रे पाठवण्याचे काम चालवले, आणि पहिल्याच रात्री ऑर्डर २ च्या नकारांच्या ओळी समोर आल्या.

पुरवठादाराचे उत्तर

आम्ही हे सर्व चिपच्या पुरवठादारांना कळवले. त्यांच्या अभियंत्यांचे पहिले उत्तर असे होते की, लिनक्समध्ये इतक्या लहान मागण्या प्रत्यक्षात नाकारल्या जात नाहीत. हे उत्तर निव्वळ चुकीचे नाही आणि म्हणूनच ते समजून घेण्यासारखे आहे. जीएफपी कर्नल प्रकारची, म्हणजे झोपू शकणारी मागणी ऑर्डर ३ पर्यंतची असेल, तर कर्नल सहजासहजी नकार देत नाही. कॅश मोकळी करते, पेज सरकवते, गरज पडल्यास एखादी प्रक्रिया मारते आणि प्रयत्न चालू ठेवते. बहुतेक ड्रायव्हर लेखकांचा अनुभव याच मागण्यांचा असतो. त्यामुळे नकारानंतरचा कोड लिहिला जातो, पण वर्षानुवर्षे एकदाही चालत नाही आणि त्यातल्या चुका तशाच राहतात. अ‍ॅटॉमिक मागणीला मात्र यातले कोणतेही संरक्षण नसते. तिच्या बाबतीत नकार हा अपवाद मानता येत नाही. तो कामाच्या नेहमीच्या रीतीचा भाग आहे.

गंमत अशी नव्हे, तर खेद असा की, इंटरफेस वर आणतानाची मागणी झोपू शकणारी करता आली असती. तिथे संदर्भ साध्या प्रक्रियेचा असतो, थांबायला हरकत नसते. पण बफर भरणारे एकच फंक्शन दोन्हीकडून वापरले होते आणि त्यात अ‍ॅटॉमिक हा प्रकार कायमचा लिहून टाकलेला होता. मागणीचा प्रकार बाहेरून देता येईल एवढा एकच बदल केला असता तरी तिसऱ्या रात्रीचे कोसळणे बहुधा टळले असते.

काय नाकारले, काय स्वीकारले

चर्चेत चार सोपे मार्ग पुढे आले. मिन फ्री केबाइट्स हे मूल्य वाढवून कर्नलला अधिक मेमरी मोकळी ठेवायला लावणे हा पहिला. तात्पुरता उपाय म्हणून आम्ही तो केलाही, पण त्याने सलगतेची हमी मिळत नाही. पॅकेट १५०० बाइटची करणे प्रोसेसरच्या भारामुळे शक्य नव्हते. पोल फंक्शनमध्ये जीएफपी कर्नल वापरून पाहावे, असे एकाने सुचवले. तसे केले तर जिथे झोपायला मनाई आहे तिथे कोड झोपेल, आणि चाचणीच्या कर्नलमध्ये ‘चुकीच्या संदर्भात झोपणारे फंक्शन बोलावले’ ही तक्रार लगेच दिसेल. नोफेल फ्लॅग लावण्याची सूचनाही आली. तो फ्लॅग ‘मिळेपर्यंत थांबतो’ असे वचन देतो, आणि ज्याला थांबताच येत नाही त्याला ते वचन देता येत नाही.

आम्ही स्वीकारलेल्या बदलाचा गाभा एका क्रमात आहे. जुना ड्रायव्हर भरलेला बफर आधी वर देत असे आणि मग नवा मागत असे. आम्ही हा क्रम उलटा केला: आधी नवा बफर मागायचा, तो मिळाला तरच भरलेला वर द्यायचा, मिळाला नाही तर आलेले पॅकेट टाकून द्यायचे, टाकलेल्या पॅकेटांचा आकडा एकने वाढवायचा आणि तोच जुना बफर पुन्हा रिंगमध्ये ठेवायचा. यात एक पॅकेट जाते, पण रिंगमधली एकही जागा जात नाही. पॅकेट हरवणे हे नेटवर्कला नवे नाही. या कॅमेऱ्यांच्या प्रोटोकॉलमध्ये हरवलेले पॅकेट पुन्हा मागून घेण्याची सोय आहे. बफर हरवणे मात्र कोणत्याही प्रोटोकॉलला भरून काढता येत नाही. डेटा सोडून द्यावा, पण काम चालू ठेवण्याची साधने सोडू नयेत, हा निवाडा मला अशा प्रत्येक ड्रायव्हरसाठी योग्य वाटतो.

दुसरा बदल सलगतेची गरजच काढून टाकण्याचा. एक मोठे पॅकेट एकापेक्षा अधिक डिस्क्रिप्टरांमध्ये, म्हणजे रिंगमधल्या जागांमध्ये, विभागून ठेवण्याची सोय चिपमध्ये होती. ड्रायव्हर ती वापरत नव्हता. आम्ही प्रत्येक जागेत एकच पेज ठेवले आणि रिंग १०२४ जागांची केली. एकूण मेमरी तीच ४ एमबी, पण प्रत्येक मागणी ऑर्डर ० ची. ९००० बाइटच्या पॅकेटला आता तीन पेज लागतात आणि इथे वरच्या क्रमाचे एक बारीक टोक निघते: तीनपैकी दोन नवी पेज मिळाली आणि तिसरे नाकारले गेले तर काय? पहिल्या मसुद्यात आम्ही दोन जागा बदलून तिसरीपाशी थांबत होतो आणि अर्धे पॅकेट वर जात होते. आता तिन्ही पेज हाती येईपर्यंत रिंगला हात लावायचा नाही, आणि एक जरी कमी पडले तर मिळालेली परत करून अख्खे पॅकेट टाकायचे, असे ठरवले. पेज चिपला दाखवण्यासाठी जे डीएमए मॅपिंग करावे लागते तेही अपयशी ठरू शकते. जुन्या कोडमध्ये ती तपासणी नव्हती. त्या अपयशालाही आम्ही मेमरीच्या नकाराप्रमाणेच वागवले.

तिसरा बदल इंटरफेस वर आणण्याच्या मार्गाचा. मागणी झोपू शकणारी केली, लेबले टप्प्याटप्प्याची केली आणि रिंग पूर्ण भरली नाही तरी एक चतुर्थांश भरली असेल तर इंटरफेस सुरू करायचा, उरलेल्या जागा काही वेळाने चालणारे एक काम भरत राहील, असे केले. मूळ कर्नलमधील व्हर्च्युअल यंत्रांसाठीचा व्हर्टिओ-नेट ड्रायव्हर असेच करतो: रिंग भरता आली नाही तर तो उशिराने चालणारे काम लावतो, आणि तेव्हाही रिंग रिकामीच राहिली तर अर्ध्या सेकंदाने पुन्हा येतो. तो कोड आमच्यासमोर आधीपासून होता.

या तिसऱ्या बदलात आम्ही स्वतः एक नवा दोष आणला. इंटरफेस बंद करताना रिंगची मेमरी आधी परत केली आणि उशिराने चालणारे काम नंतर रद्द केले. मधल्या क्षणात ते काम जागे झाले तर परत केलेल्या रिंगमध्ये लिहील. केसॅन ही मेमरीच्या गैरवापरावर नजर ठेवणारी सोय चालू असलेल्या कर्नलवर ते दुसऱ्याच दिवशी पकडले गेले. आता क्रम असा आहे: आधी काम रद्द करून ते संपेपर्यंत थांबायचे, मग पोल थांबवायचा, मग रिंग मोकळी करायची. रिंग भरण्याआधी ते कामही पोल थांबवू पाहते, म्हणून पोल आधीच थांबवला तर काम पोलची वाट पाहते आणि बंद करणारा कामाची; दोघेही तिथेच अडकतात.

न घडणारे घडवून पाहणे

चाचणीसाठी आम्ही कर्नलमधली फॉल्ट इंजेक्शनची सोय वापरली. ही सोय २००७ मध्ये आलेल्या २.६.२० या आवृत्तीपासून आहे, आणि तिच्या साहाय्याने मेमरीच्या मागण्या मुद्दाम नाकारता येतात. पेजांच्या मागण्या दहांत एक या प्रमाणात नाकारायच्या, एकूण हजार नकार द्यायचे, असे ठरवून आम्ही नवा ड्रायव्हर रात्रभर चालवला. सकाळी सारे सुरळीत होते आणि मोठाच आनंद झाला.

त्याच अभियंतीने दुपारी एक गोष्ट दाखवली. नकारांच्या मर्यादेचा आकडा प्रत्येक नकारासोबत घटत जातो. तो अजूनही हजारच्या जवळपास होता, आणि गेलेले थोडके नकार कर्नलच्या दुसऱ्याच भागांच्या वाट्याला आले होते. कारण असे की पेज नाकारण्याच्या या सोयीत किमान ऑर्डर हे एक मूल्य असते आणि ते मुळात १ असते. त्याहून लहान मागण्यांना हात लावला जात नाही. जुन्या ड्रायव्हरच्या ऑर्डर २ च्या मागण्यांना ते नीट लागू पडत होते. आम्ही ऑर्डर ० वर आलो आणि आमची चाचणी आमच्याच बदलाला चुकवून पुढे जाऊ लागली. मूल्य शून्य केले, तेव्हा खरी परीक्षा सुरू झाली आणि अर्ध्या पॅकेटाचा वर सांगितलेला दोष त्यातूनच उघडकीस आला. नकार खरोखर दिला गेला हे मोजल्याशिवाय चाचणी उत्तीर्ण मानायची नाही, हा नियम आमच्या चाचणी-यादीत त्या दिवशी लिहिला गेला.

ड्रायव्हर लोड होतानाच्या मार्गासाठी फेल-एनथ ही दुसरी सोय वापरली. प्रक्रियेच्या त्या फाइलमध्ये १ लिहिले की पहिली मागणी नाकारली जाते, २ लिहिले की दुसरी. ड्रायव्हर लोड करायचा, नकारानंतर तो नीट मागे फिरला का ते पाहायचे, आकडा एकने वाढवायचा आणि फाइल वाचल्यावर शून्य येईनासे होईपर्यंत, म्हणजे नाकारायला मागणीच न उरेपर्यंत, पुढे जात राहायचे. झोपू शकणाऱ्या मागण्या मुळात वगळलेल्या असतात. ती वगळणी आधी काढावी लागते, नाहीतर लोड होतानाच्या जवळजवळ सगळ्या मागण्या सुटून जातात. प्रत्येक फेरीनंतर केमेमलीक चालवून कुठे मेमरी गळली का तेही पाहिले. एका ठिकाणी गळत होती: रिअ‍ॅलॉक या मेमरीच्या तुकड्याचा आकार बदलणाऱ्या फंक्शनचे उत्तर थेट जुन्याच पॉइंटरमध्ये घेतले होते, त्यामुळे नल आले की जुन्या मेमरीचा पत्ताच पुसला जाई. उत्तर आधी वेगळ्या पॉइंटरमध्ये घेऊन ती ओळ सुधारली.

सद्यस्थिती

नवा ड्रायव्हर दिवाळीच्या सुट्टीत सगळ्या केंद्रांवर बसवला. त्यानंतर कारखान्याशी ठरवून एक केंद्र आम्ही सलग सात आठवडे वीज न तोडता चालू ठेवले. टाकलेल्या पॅकेटांचा आकडा काही रात्री अडीच ते पावणेतीनच्या दरम्यान किंचित वाढलेला दिसतो आणि मग स्थिर राहतो. कॅमेरा तीच पॅकेट पुन्हा पाठवतो आणि छायाचित्र पूर्ण होते. रिंगमधील भरलेल्या जागांचा आकडा आम्ही आता ड्रायव्हरच्या नोंदींमध्ये बाहेर दिसेल असा ठेवला आहे आणि रात्रपाळीचे पर्यवेक्षक पाळीच्या शेवटी तो नोंदवहीत लिहितात.

एक भाग अजून बाकी आहे. रिंगचा आकार चालू असताना बदलण्याचा आदेश आला तर पुरवठादाराचा मूळ कोड जुनी रिंग आधी मोकळी करतो आणि मग नवी मागतो; नवी मिळाली नाही तर इंटरफेस बंदच राहतो. नवी रिंग आधी मिळवून मगच जुनी सोडणारा बदल आम्ही त्यांना पाठवला आहे आणि तो त्यांच्याकडे तपासणीत आहे. तोपर्यंत आमच्या केंद्रांवर तो आदेश ड्रायव्हरमध्येच नाकारला जातो.